आमच्या काळजीनं लाल झालेल्या महोदयांस

प्रति,
संगणकाच्या पडद्यावर न बोलावता उगवणारे
खोटे अँटिव्हायरस महोदय,
मुक्काम : रोज नवा

विषय : आमच्या घरच्या संगणकात आपल्याला सापडलेले व्हायरस

महोदय,

सा. न. वि. वि.

भाजणीच्या चकलीचं प्रमाण शोधायला निघालेल्या माणसाला वाटेत अडवून ‘तुमच्या संगणकात ४७ व्हायरस आहेत’ असं सांगण्याची तसदी आजकाल कोण घेतं? आपण घेता. तेही सगळा पडदा व्यापून, लाल पाटी लावून, भोंगा वाजवून आणि पाच मिनिटांत सगळे फोटो नष्ट होतील अशी मुदत देऊन. या तत्परतेबद्दल आपले जाहीर आभार मानणं आमचं कर्तव्य होतं. विलंबाबद्दल क्षमा असावी.

आधी आपल्या दिव्यदृष्टीबद्दल. ब्राउझर कुठल्याही वेबपानाला आमची हार्ड डिस्क अशी चाळू देत नाही, त्याची रचनाच तशी असते. त्यामुळे आपली ती ‘तपासणी’, तो सरसर पुढे जाणारा पट्टा, ती भराभर पळणारी फायलींची नावं हे सगळं आधीच बसवून ठेवलेलं नाटक आहे. संगणक नवा कोरा असो की दहा वर्षांचा, आपल्याला व्हायरस मिळतातच. एके काळी आपण मॅक वापरणाऱ्यांनासुद्धा विंडोज एक्सपीची खिडकी दाखवून ‘सी ड्राइव्ह’मधला धोका कळवत होतात. मॅकमध्ये सी ड्राइव्ह नसतो, पण एवढ्या क्षुल्लक कारणासाठी आपण कर्तव्यात कसूर केली नाहीत. पुढे मे २०११मध्ये ‘मॅक डिफेंडर’ या नावानं खास मॅकसाठी अवतार घेतलात, तेव्हा कुठे ती उणीव भरून निघाली.

आपलं घराणंही थोर. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही सगळी एकाच घरची लेकरं. घराचं नाव इनोव्हेटिव्ह मार्केटिंग, नोंदणी बेलीझची आणि कारभार युक्रेनमधल्या कीव्हचा. डिसेंबर २००८मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या घराला कोर्टात खेचलं. तोवर दहा लाखांहून जास्त लोक ३९.९५ डॉलर किंवा त्याहूनही अधिक मोजून नसलेले व्हायरस काढून घेऊन मोकळे झाले होते. प्रतिष्ठित कंपन्यांच्या वतीनं आलो आहोत असं सांगून जाहिरातीची जागा मिळवायची आणि जाहिरातीच्या पोटात वाचकाला आपल्या पाटीकडे ढकलणारा कोड दडवायचा, ही आपली रीत. याच रीतीनं सप्टेंबर २००९मध्ये आपण थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर प्रकटलात. ‘नको त्या साइटवर गेला असाल, म्हणून झालं’ असं म्हणत नाक मुरडणाऱ्यांना आपण तिथे परस्पर उत्तर दिलंत, त्याबद्दल खरंच आभार. २०१२मध्ये कोर्टानं इनोव्हेटिव्ह मार्केटिंगच्या खटल्यातल्या एका प्रतिवादीला १६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. परोपकाराची किंमत मोजावी लागते ती अशी.

अलीकडे पाटीवर आपण फोन नंबरही देता. पलीकडे आवाज नम्र, भाषा गोड. तो आधी दुरून संगणक चालवू देणारं एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर उतरवून घ्यायला लावतो. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी समोर धरतो : ‘बघा काका, केवढे एरर!’ काका घाबरतात. ती विंडोजची रोजवही असते. मध्येच बंद पडलेला प्रोग्राम, वेळेवर सुरू न झालेली एखादी सेवा, सगळं तिथे टिपलं जातं. धडधाकट संगणकातही अशा नोंदींचा ढीग असतो, हे काकांना कोणी सांगितलेलंच नसतं. या शाखेनं देशाचं नावही सातासमुद्रापार नेलं. ऑक्टोबर २०१२मध्ये त्याच कमिशननं अशा सहा टोळ्यांविरुद्ध कारवाई केली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचं बस्तान भारतात होतं.

दारावर येऊन ‘घराला साडेसाती आहे’ असं सांगणारा आणि शांतीचं साहित्य पिशवीतच घेऊन फिरणारा ज्योतिषी आम्हाला नवा नाही. ग्रहही त्याचेच, शांतीही त्याचीच. आपलंही तेच, त्यामुळे आपल्याला ओळखणं तसं सोपं. खरी पंचाईत पुढेच आहे. आपली विद्या आता चांगल्या घरच्यांनीही उचलली आहे.

अमेरिकेतल्या ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत ग्राहकांच्या संगणकाची फुकट तपासणी होत असे. सुरुवातीला चार प्रश्न : संगणक मंदावलाय का, सारखा बंद पडतो का, अशा थाटाचे. एका जरी प्रश्नापुढे खूण केली, की तपासणीत काहीही निघो, अहवालात व्हायरसची लक्षणं ठरलेली. दुरुस्तीचं बिल ३०० डॉलरपर्यंत जाई. मार्च २०१९मध्ये ऑफिस डेपोनं अडीच कोटी आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमनं एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीची युक्ती तर आपल्यालाही सुचली नसती. पाळत ठेवणाऱ्यांना अडवतो असं सांगायचं, लोक कुठली पानं बघतात याच्या नोंदी स्वतःच जमवायच्या आणि जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकायच्या. जानेवारी २०२०मध्ये बातमी फुटली आणि उपकंपनी गुंडाळली गेली. फेब्रुवारी २०२४मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरचा भुर्दंड बसला. स्पायवेअर पकडायला ठेवलेला पहारेकरीच हेरगिरी करू लागला, यावर आपण हसला असाल, की धंद्यातली स्पर्धा वाढली म्हणून हळहळला असाल?

नव्या लॅपटॉपबरोबर फुकट आलेला, मुदत संपली की ‘तुम्ही असुरक्षित आहात’ म्हणून उठता-बसता बजावणारा अँटिव्हायरसही आपला दूरचा भाऊच. त्याची कंपनी खरी, काम खरं, फक्त आवाज आपला. तो काढून टाकला की विंडोजमधला डिफेंडर आपोआप कामाला लागतो, एवढं मात्र तो सांगत नाही.

महोदय, आपल्या आरडाओरड्यामुळे आम्हाला निवड करायची अक्कल आली, हा आपला सर्वात मोठा उपकार. जो भीती घालून विकतो, त्याच्याकडून घ्यायचं नाही, हा पहिला नियम. बाकीचे त्यातूनच निघाले. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २००४मध्ये जायंट नावाची कंपनी विकत घेतली आणि तिच्या स्पायवेअरविरोधी प्रोग्रामातून डिफेंडर जन्माला आला. २०१२च्या विंडोज ८पासून तो पूर्ण अँटिव्हायरस आहे. त्यामुळे व्हायरससाठी एक आणि स्पायवेअरसाठी दुसरं अशी घरगुती संगणकाला गरज उरलेली नाही. विंडोजचे अपडेट वेळच्या वेळी घेतले, तर बहुतेक घरांना तेवढं पुरतं. सतत पहारा देणारा प्रोग्राम एकच ठेवायचा. दोन ठेवले की ते एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक रखडतो. शंका आलीच, तर मालवेअरबाइट्ससारखं एखादं हत्यार तेवढ्यापुरतं चालवायचं.

पैसे मोजायचेच असतील, तर आधी जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळांचे निकाल बघायचे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कैलास काटकर यांनी पुण्यात उभं केलेलं आणि त्यांचे बंधू संजय यांनी घडवलेलं क्विक हील घ्यावंसं वाटलं, तरी अभिमान बाजूला ठेवून गुण बघायचे. खरेदी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करायची. पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे बघून भुलायचं नाही, दुसऱ्या वर्षाचा भाव वाचायचा आणि आपोआप नूतनीकरणाची खूण काढायची. आमच्या कुठल्या नोंदी घेणार, हेही विचारायचं, विशेषतः माल फुकट असेल तेव्हा.

आता आपल्याला निरोप देण्याची पद्धत. आपल्या पाटीवरच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही, फुलीलासुद्धा नाही, कारण तीही आपणच रंगवलेली असते. ऑल्ट आणि एफ४ दाबायचं. तरी हलला नाहीत, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करायचा. पडद्याच्या कोपऱ्यातून दर थोड्या वेळानं डोकावत असाल, तर कधीतरी घाईत ‘अलाउ’ दाबलं गेलं आहे एवढाच त्याचा अर्थ. सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची नोटिफिकेशनची परवानगी काढली की झालं. फोन लावून पैसे दिलेच असतील, तर नेट तोडायचं, बँकेला कळवायचं आणि लाजत न बसता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायची. आपली निम्मी कमाई लोकांच्या लाजेवर चालते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आपण मागितलेल्या शुल्कात थोडी भर घालून आम्ही बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घेतली आहे. दर महिन्याला फोटो आणि कागदपत्रांची प्रत तिच्यावर उतरवायची आणि वायर काढून ती कपाटात ठेवायची. वायर काढलेल्या डिस्कपर्यंत खंडणी मागणारं रॅन्समवेअर पोहोचत नाही आणि आपणही पोहोचत नाही. आमच्याकडे दुसरी प्रत नसेल, या एका गृहीतावर आपला सगळा दरारा उभा होता. ते मोडल्याबद्दल दिलगीर आहोत.

कळावे.

आपला ग्राहक कधीच न झालेला,
एक घरगुती संगणकवाला