न मागितलेला किताब

यंदाच्या स्नेहसंमेलनात इयत्ता नववीतला एक मुलगा रंगमंचावर आला आणि मुखावाटे एक अक्षरही न काढता त्याने नाकावरचा, बहुधा वडिलांकडून उसना आणलेला, चष्मा काढला, कोटाच्या टोकाला तो पुसला, उजेडासमोर धरून एक डोळा मिटून त्यातून पाहिले, आणि मग तो डोळ्यांवर न चढविता कपाळावर ठेवून सगळे खिसे चाचपडत चष्म्याचाच शोध आरंभिला. तेव्हा मंडपातल्या तमाम मंडळींनी एकमुखाने माझे नाव घेतले. अठ्ठावीस वर्षे मी या शाळेत विभक्ती, समास आणि प्रयोग शिकवीत आलो आहे. त्यांतले कोणाच्या किती ध्यानात राहिले याची रुजुवात घेण्याचा धीर मला त्या क्षणी झाला नाही.

“मास्तर, पोराने तुमची लकब बाकी हुबेहूब उचलली हं!” शेजारी बसलेले मुख्याध्यापक म्हणाले. अशी काही लकब आपल्या मालकीची आहे, ही वार्ता मला सर्वस्वी नवीन होती. आणि मनुष्य दुखावला की व्याकरणाचा शिक्षक शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळतो.

आमच्या आळीतले शास्त्रीबुवा ‘लकब’ हा शब्द कानी पडताच ‘लक्ष्’ धातूवर येऊन थांबले. जगातील यच्चयावत् शब्द संस्कृतातून निघाले याविषयी त्यांच्या मनात संदेह नसतो. प्रश्न काय तो मार्गाचा. परंतु लकब निघाली अरबस्तानातून. अरबांच्या लांबलचक नावात स्वतःचे नाव, बापाचे नाव, गावाचे वा कुळाचे नाव असा सारा लवाजमा असे, आणि त्यातच लोकांनी चिकटविलेली एक ‘लकब’ असे, म्हणजे किताब किंवा टोपणनाव. नवव्या शतकात बसऱ्यास अम्र नावाचा एक थोर गद्यलेखक होऊन गेला. त्याने प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, कृपणांवर लिहिला, आणि इतके करूनही जग त्याला ओळखते ते ‘अल्-जाहिझ’ म्हणून. म्हणजे बटबटीत डोळ्यांचा! (चष्म्याच्या मनुष्याला हे वाचून जे समाधान वाटते ते इतरांस कळावयाचे नाही.) औरंगजेबाने गादीवर येताना ‘आलमगीर’, म्हणजे जग कबजात घेणारा, ही लकब आपली आपणच धारण केली. बादशहांना तेवढी मुभा असते. परंतु त्या जगातला महाराष्ट्र काही कबजात आला नाही, आणि 1707 साली आलमगीर अहमदनगरास वारले.

मराठीत उतरताना या शब्दाचा हुद्दाही उतरला. नावापुढे मिरवायचा किताब गेला, आणि उरली ती बोलण्याची, चालण्याची, सुपारी कातरण्याची, तपकीर ओढण्याची ज्याची त्याची ढब. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. परंतु जे शब्द दफ्तर सोडून माजघरात शिरले होते त्यांच्यापुढे कोशकाराचे काय चालणार?

तथापि लकबीचे दरबारी वळण अजून पुरते गेलेले नाही, असे माझे मत आहे. बोलताना मेजावर पेन्सिल आपटणे ही साहेबाची लकब असते, कारकुनाची खोड असते आणि शिपायाने तेच केले तर तो माज ठरतो. खोड जित्याची मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. लकबीच्या वाट्याला अशी म्हण आली नाही, कारण ती जावी असे कोणाला वाटतच नाही. आणि अरबांची असो की आपली, ती देणारे लोक दुसरे. ज्याची ती असते त्याला सर्वांत शेवटी खबर लागते.

खबर लागल्यावर तरी ती टाकून द्यावी, असा निश्चय करून मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गावर गेलो. चष्म्याला हात लावावयाचा नाही! फळ्यावर ‘तत्पुरुष’ लिहिले आणि वळून पाहिले, तो पन्नास मुले वह्या मिटून, कीर्तनकार पदर कधी खोचतो याची वाट पाहावी तशी माझ्याकडे पाहत होती. मी घसा साफ केला. कोणी वही उघडीना. अखेर पहिल्या बाकावरचा मुलगा अदबीने उभा राहिला.

“सर, चष्मा राहिला.”

मी चष्मा काढला, पुसला, उजेडासमोर धरून पाहिला. वह्या उघडल्या गेल्या आणि मी षष्ठी तत्पुरुष शिकवावयास घेतला.