वासाचा गुलाब

"सुनीता, अगं जरा कुंपणापाशी ये. कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी आहे इथे. हे फूल हुंग आधी! आला ना वास? मसाल्याची झाक आहे त्याला.

काल मंगलताईंकडचा तो गुच्छ पाहिलास? जावयाने आणलेला. डच गुलाब, तळेगावच्या पॉलीहाऊसमधला असणार. आठवडाभर फुलदाणीत ताठ उभा राहील. वास मात्र कागदी फुलाइतका. फुलाला तरी काय बोलायचं? टिकावं, लांबचा प्रवास सोसावा म्हणून जोपासलेल्या जाती त्या, त्यात वास मागे पडला.

हा माझा 'ग्रुस आन टेप्लिट्झ'. हसू नकोस! रुडॉल्फ गेश्विंड म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीतला वनखात्याचा माणूस, त्याने तयार केली ही जात. १८९७ साली बाजारात आली. पंजाबाकडे याला सुर्खा म्हणतात, ते बरं सोपं.

लाड फार नाहीत याचे. सकाळचं ऊन भरपूर हवं, पण वैशाखात दुपारी सावली पडेल अशी जागा बघ. गडद पाकळी उन्हाने कडेला करपून काळी पडते. पाणी मुळाशीच घाल. संध्याकाळी पानं भिजवलीस की काळे ठिपके आलेच समज. पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी, मग शेणखत, निंबोळी पेंड. दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. पण झुडूप आहे हे, पार खोडापर्यंत तासू नकोस, रुसतं.

फुलं खाली मान घालतात, दांडी नाजूक ना! पूर्वी रस्त्याकडेला होतं, तर पहाटे फिरायला निघणारे ते आजोबा, आकडीची काठीवाले, त्यांना वाटायचं आपल्यालाच वाकून नमस्कार करतायत. देवासाठी नेतात म्हणे. आमच्या घरात काय देव नाहीत?

तुला देते ना फांदी. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, तीन-चार डोळ्यांची. दोन डोळे मातीत जाऊ देत. कलम कशाला? स्वतःच्या मुळावर वाढलं की खालून खुंटाची रानटी फूट येण्याची भानगडच नाही.

फक्त मंगलताईंनी विचारलं तर नर्सरीतून आणलं म्हण. त्यांना मी सांगून बसलेय, याची फांदी लागत नाही म्हणून. अगं, चौथी शिट्टी झाली, पळ!"