पाव्हणं, कुठलं म्हणायचं?

आमच्या तेरखेड्याचं नाव झालं ते आवाजामुळं. सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा मागं टाकलं की थोड्या वेळानं फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसायला लागतात, त्या आमच्याच. शिवारात शोभेच्या दारूचे कारखाने आहेत. कुठंतरी कुणाची वरात निघते, कुणी ग्रामपंचायतीला निवडून येतं, कुठल्या जत्रेत छबिना निघतो, तिथं उडतो तो माल बऱ्याचदा आमच्याकडून गेलेला असतो. अशा गावात राहून मी रात्री अकरानंतर ओसरीवर बसतो आणि ट्रान्झिस्टरला कान लावून जेमतेम ऐकू येईल असा आवाज शोधत असतो. लोक याबद्दल काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे, कारण ते माझ्यासमोरच म्हणतात.

"दिवसभर दुकानात बसून कान गेले वाटतं ह्याचे."

या छंदाला जगात डीएक्सिंग म्हणतात. रात्रीच्या वेळी लांबलांबच्या मुलखातली मध्यम लहरींवरची, म्हणजे मीडियम वेव्हवरची, रेडिओ केंद्रं पकडायची. ऐकायची नव्हे, पकडायची. हा फरक मी बायकोला लग्नापासून समजावतोय. समजा, खरखरीतून एक बाई काहीतरी सांगतेय. भाषा कोणती, पत्ता नाही. मध्येच काहीतरी वाजतं, परत बाई. तास भरत आला की मी सावरून बसतो, कारण केंद्र आपलं नाव सांगतं ते बहुधा तासाच्या ठोक्याला. आणि नेमका त्याच घडीला आवाज बसतो. म्हणजे आणखी तासभर जागरण. अखेर नाव कळलं की वहीत तारीख, वेळ, किलोहर्ट्‌झ लिहायचं आणि काटा पुढं सरकवायचा. बाई काय सांगत होती याच्याशी मला काडीचं कर्तव्य नसतं.

यात विचित्र काय आहे, मला कळत नाही. कळंबच्या स्टँडवर एसटीत शेजारी अनोळखी माणूस बसला की आपण काय करतो? "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" पाव्हणा "ईटकूरचा" म्हणाला की जीव थंड होतो. मग तो उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही तरी चालतं. मी तेच करतो, फक्त माझा पाव्हणा ओमानचा असतो.

आता हे रात्रीच का, दिवसा का नाही, हा प्रश्न गावात मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याच्या मागोमाग "यात पैसे किती सुटतात" हा. दिवसा सूर्याच्या किरणांनी जमिनीपासून साधारण साठ ते नव्वद किलोमीटरवर विद्युतभारित हवेचा एक थर तयार होतो. शास्त्रज्ञ त्याला डी थर म्हणतात. वर जाणाऱ्या मध्यम लहरी हा थर गिळून टाकतो, त्यामुळं दिवसा फक्त जमिनीवरून सरपटत येणारी जवळची केंद्रं लागतात. दिवस मावळला की हा थर विरघळतो. मग लहरी आणखी वर जातात, वरच्या थरांवर आपटतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर जाऊन खाली उतरतात. परत जमिनीवरून उसळी, परत खाली. अंधार पूर्वेकडून येतो, म्हणून आधी पूर्वेकडची केंद्रं जागी होतात आणि रात्र चढेल तशी पश्चिमेकडची. हे सगळं मी एकदा पारावर समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकानं विचारलं, "मंग त्यात पैसे किती सुटतात?"

मध्यम लहरींवर एकूण जागा मोजकीच. आपल्याकडं 531 ते 1602 किलोहर्ट्‌झ, प्रत्येक नवावर एक खाना, म्हणजे सगळे मिळून 120 खाने. तेवढ्यात निम्म्या जगाची केंद्रं कोंबून बसवलेली. परभणी 1305, पुणे 792, मुंबई 1044, हैदराबाद 738, धारवाड 765 ही आमची भावकी. राजकोटचं 1071 पाकिस्तानकडं तोंड करून उर्दूत बोलायचं. 882 वर श्रीलंकेतल्या पुत्तलमहून येशूची प्रार्थना यायची. सगळ्यात मजा 1521 ची. हा खाना छत्रपती संभाजीनगरचा. रात्री अकराच्या पुढं आपल्या निवेदिकेनं निरोप घेतला, केंद्र बंद झालं, की त्याच जागी खालून अरबी वर यायचं. ते सौदी अरेबियाचं, तांबड्या समुद्राच्या काठावरच्या दुबा गावचं. अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास. घरमालक निजायला गेला की दुबावाल्यांनी ओसरी बळकवायची, असा प्रकार. आमच्या एका चुलत्यांनी ते ऐकलं आणि संभाजीनगरच्या लोकांना कुणी तरी कळवायला पाहिजे असं त्यांचं मत पडलं.

माझ्या आधीच्या पिढीला हे वेड नव्हतं असं कुणी सांगू नये. आपल्याच एका मराठी माणसानं, नभोवाणी खात्याचे मंत्री बा. वि. केसकर यांनी, 1952 साली आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. शास्त्रीय संगीत ऐकून देश सुधारावा, हा हेतू. देशानं काय केलं, तर काटा फिरवून रेडिओ सिलोन पकडलं. बिनाका गीतमाला ऐकायला समुद्रापलीकडचं केंद्र लावणारा, आवाज बसला की रेडिओला थोपटणारा, जाळीची एरियल भिंतीवर ताणणारा तो प्रत्येक माणूस डीएक्सरच होता. फक्त त्याला गाणं हवं होतं. केसकरांना शेवटी 1957 मध्ये विविध भारती सुरू झालेली बघावी लागली.

मला हे वेड लागलं ते 1993 च्या पावसाळ्याअखेर. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. उमरगा, औसा भागात काय झालं ते सांगायची ही जागा नव्हे. आम्ही तिथून लांब, पण जमीन हलल्यावर घरात निजायचं धाडस कुणालाच होईना. सगळं गाव अंगणात, वाकळा घेऊन. वडील ट्रान्झिस्टर बाहेर घेऊन बसायचे, बातम्यांसाठी. रात्री आपली केंद्रं बंद झाली तरी ते काटा फिरवत राहायचे, झोप येत नव्हती म्हणून. आणि शाळकरी मला पहिल्यांदा कळलं की आपण निजतो तेव्हा त्या खोक्यात केवढी वर्दळ असते. वडलांना त्यातलं काही नको होतं. "आपल्याकडचं काही सांगंनात," म्हणून त्यांनी रेडिओ माझ्याकडं दिला. तो मी अजून परत केलेला नाही.

साधनं विचाराल तर काही नाही. चामड्याच्या पिशवीतला जुना संच, आणि सेल. सेल मंदावले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे. दोन रात्री जास्तीच्या निघतात. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला एकच सल्ला देतो, "दांडी वर कर की!" त्या चकचकीत दांडीचा मध्यम लहरींशी काही संबंध नाही. ती शॉर्टवेव्ह आणि एफएमसाठी. मध्यम लहर पकडते ती खोक्याच्या आत आडवी बसवलेली, तांब्याची तार गुंडाळलेली फेराइटची काळी कांडी. म्हणून दांडी नव्हे, अख्खा रेडिओ फिरवायचा असतो. कांडीचं टोक ज्या केंद्राकडं रोखाल ते दबतं, आणि त्याच्या खाली अडकलेलं दुसरं वर येतं. मी 792 वर रेडिओ सावकाश फिरवतो. एका जागी पुणं बारीक होत होत थांबतं. पुण्याला गप्प बसवता येतं, हे या छंदातलं माझं सगळ्यात मोठं सुख आहे.

फिनलंडच्या उत्तर टोकाला काही लोक हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही तेव्हा, बर्फावरून किलोमीटरभर लांब तारा ताणतात आणि अमेरिकेतली तालुका पातळीवरची केंद्रं ऐकतात. ते वाचून मीही बांधाकडेनं लांब तार ओढायचं ठरवलं होतं. तार खांद्यावर घेऊन निघालो तर वाटेत भेटलेल्या पहिल्याच माणसानं आवाज खाली आणून विचारलं, "आकडा टाकायलास का? मग दिवसा कशाला टाकायलास?"

तारेचा बेत तिथंच संपला. तसंही आता तारेपेक्षा शांतता महाग झालीय. एलईडीचा दिवा, मोबाइलचा चार्जर, टीव्हीचा डबा, यातला प्रत्येक जण आपापली घरघर हवेत सोडत असतो आणि ती सगळी मध्यम लहरींवर येऊन बसते. त्यात शेतीची थ्री-फेज लाईट रात्रपाळीला असली की मोटारींच्या स्टार्टरची कटकट वेगळी. त्यामुळं भारनियमन जाहीर झालं की सगळं गाव हळहळतं आणि मी सेल उन्हात टाकतो. लाईट जाते, पंखे थांबतात, बाहेर लोक वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढत असतात आणि माझ्या ओसरीवर मस्कत स्वच्छ लागलेलं असतं. हा आनंद उघड करायची सोय नाही. बायकोनं एकदा अंधारात माझ्या चेहऱ्यावर बॅटरी मारली आणि म्हणाली, "अहो, हसताय काय? पोरं घामानं भिजल्यात."

भाषा ओळखायला माझ्याकडं आबा होते. शेजारचेच. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. आमच्या भागातली ती पिढी सही मोडीत आणि शिवी उर्दूत द्यायची. एका रात्री इराणचं केंद्र लागलं होतं, फारसी. आबांनी डोळे मिटून ऐकलं. "जमीन म्हणतोय. बाजार म्हणतोय. आता खबर म्हणला." थोडं थांबून त्यांनी निकाल दिला, "तलाठ्याची भाषा हाय. फेरफाराचं चाललंय कायतरी." मी वहीत इराण लिहिलं. आबा अर्धा तास आणखी ऐकत बसले. फेरफार मंजूर झाला की नाही हे कळल्याशिवाय त्यांना उठवेना.

केंद्र पकडलं की त्याला पत्र लिहायची रीत आहे. काय ऐकलं, किती वाजता, कसं ऐकू आलं. खरं निघालं तर केंद्र पोचपावतीचं कार्ड पाठवतं, आपली आकाशवाणीसुद्धा पाठवते. कसं ऐकू आलं हे पाच आकड्यांत सांगायचं: आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राची लुडबूड, खरखर, चढउतार आणि शेवटी एकूण गुण. 55555 म्हणजे उत्तम. हे मी बायकोला शिकवायला नको होतं. आता भाजी कशी झाली विचारलं आणि मी "चांगली" म्हणालो की ती म्हणते, "आकड्यात सांगा." आणि माझ्या आत्याचा फोन आला की तिकडं ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगते, "लुडबूड एक. एकूण एक."

केंद्रं मात्र आता कमी होत चाललीत. जर्मनीच्या सार्वजनिक रेडिओनं 2015 अखेर मध्यम लहर बंद केली. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून 1566 वर एक हजार किलोवॅटच्या जोरानं रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी 1988 साली सुरू झाली होती, ती 2019 मध्ये थांबली. महामार्गावरच्या ट्रकवाल्यांची ती सोबत होती. डिजिटल प्रक्षेपणही आलंय; त्यासाठी खास संच लागतो आणि माझ्या साध्या रेडिओवर त्याची नुसती घरघर येते, तीही शेजारच्या खान्यात पाय पसरून.

गावात या छंदाला गिऱ्हाईक एकच मिळालं. मृगाच्या आसपास रेडिओत करकर सुरू होते. शेकडो किलोमीटरवर कुठं वीज चमकली तरी मध्यम लहरींवर ती कडाडते, इथलं आभाळ कोरडं ठाक असलं तरी. हे मी एकदा बोलता बोलता आमच्या वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याला सांगितलं. तेव्हापासून जून लागला की तो जेवण करून ओसरीवर हजर. "वाजायलंय का?" म्हणतो. वाजायला लागलेलं असतं, पण ते कोकणात की तेलंगणात, हे रेडिओ सांगत नाही. त्याला ते चालतं. परवा करकरीतून मोठ्या मुश्किलीनं एक केंद्र वर आलं, मला ओळखू न येणारं, बहुधा आफ्रिकेकडचं. तास भरत आला होता, निवेदक नाव सांगायच्या बेतात होता. मी कान लावला, तर हा माझ्या दंडाला धरून म्हणाला, "त्याला जरा गप कर रे. करकर नीट ऐकू यीना."