माल कुणाच्या ताब्यात होता?

'स्टार ट्रेक'चा 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग जगभर विनोदी म्हणून ओळखला जातो. डेव्हिड जेरॉल्ड नावाच्या विशीतल्या पोराने तो लिहिला, अमेरिकेत २९ डिसेंबर १९६७ला तो पहिल्यांदा लागला आणि तेव्हापासून लोक त्याला हसत आले आहेत. लातूरला माझ्याखेरीज कुणी हसलं नाही.

लातूरला म्हणजे आमच्या अक्काच्या घरी. मी नांदेडचा. दूरदर्शनवर रविवारी 'स्टार ट्रेक' लागायची त्या काळातलं आमचं पोरपण. एक भाऊ गच्चीवर अँटेना फिरवायचा, दुसरा जिन्यात उभा राहून "आलं, आलं, गेलं" ओरडायचा आणि कॅप्टन कर्कच्या तोंडावर मुंग्या चालायच्या. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. स्पॉकचे कान मात्र कळायचे. मूळ मालिका १९६६ ते १९६९ एवढीच चालली, ७९ भाग झाले, आणि बंद पडल्यावर तिला जे धुमारे फुटले ते अजून फुटताहेत. आता इंग्रजी कळतं, मोबाइल टीव्हीला जोडता येतो, म्हणून २०२४च्या भाऊबिजेला जेवणं झाल्यावर मी हौसेने हा भाग लावला.

वेळ तेवढी वाईट होती. दाजींची आडत आहे, आणि दिवाळी म्हणजे सोयाबीनचा हंगाम. त्या वर्षी हमीभाव ४८९२ रुपये होता, बाजारात दर त्याच्या बराच खाली, आणि सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. दाजी दिवसभर हेच ऐकून आले होते. मी म्हटलं, जरा अंतराळात जाऊन या. ते लोडाला टेकले आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत बसलो.

गोष्ट अशी आहे. शेरमन नावाचा एक ग्रह आहे, त्यावर दोघांचा दावा. एक आपले फेडरेशनवाले, दुसरे क्लिंगॉन. करार असा झालाय की ग्रहाचा विकास जो चांगला करून दाखवील, ग्रह त्याचा.

"म्हंजे आयुक्तालय," दाजी म्हणाले.

खोलीत शांतता पसरली. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद २००९चा. सरकारने नांदेडचं नाव घेतलं, लातूर पेटलं, आणि आजतागायत पाटी दोन्हीकडे लागलेली नाही. आमच्या घरात सोयरीक टिकावी म्हणून हा विषय पंक्तीला काढायचा नाही असा अलिखित ठराव आहे. क्लिंगॉन कोण, हे मी घाईघाईने टाळलं. भाच्याने माझ्याकडे बघितलं आणि तोही गप्प बसला.

त्या ग्रहावर पृथ्वीवरचं एकच धान्य येतं, गहू आणि राय यांच्या संकरातून केलेलं. त्याचं बियाणं एका अंतराळ स्थानकाच्या कोठारात भरून ठेवलंय. माल धोक्यात आहे असं वाटून बॅरिस नावाचा माणूस तातडीचा निरोप धाडतो, कर्क जहाज घेऊन धावत येतो, आणि राखण कशाची करायची तर धान्याची, हे कळल्यावर जाम भडकतो.

"ह्यो बॅरिस कोण?"

"कृषी खात्याचा अवर सचिव."

"आन् ह्यो कप्तान त्याच्यावरच डाफरायलाय?" दाजी उठून बसले. "गहूच हाय ना, म्हणायलाय? गव्हाला 'गहूच ना' म्हणणाऱ्याच्या हातात जहाज कुणी दिलं?"

इथे मला पहिल्यांदा लक्षात आलं की प्रकरण हातातून चाललंय. हा भाग ज्यांनी लिहिला-केला त्यांचा हिशेब साधा होता: धान्य हा कंटाळवाणा विषय, त्याची काळजी करणारा सरकारी माणूस हास्यास्पद, आणि त्याला टोमणे मारणारा कप्तान आपला. अमेरिकेत हे चाललं असेल. ज्या घरात चार माणसं भेटली की आधी भाव विचारतात आणि मग तब्येत, तिथे ते चालत नाही. बॅरिस तोंडाने फटकळ आहे, आढ्यतेखोर आहे, हे मीही मान्य करतो. पण धान्याच्या काळजीबद्दल तो संपूर्ण भागात एकदाही चुकीचं बोलत नाही. इतकी वर्षं मी हा भाग बघतोय आणि हे दाजींनी दाखवावं लागलं.

कर्कने मोठ्या नाखुशीने राखणीला दोन माणसं दिली.

"दोन?" स्वयंपाकघरातून आवाज आला. अक्का हात पुसत बाहेर आली. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्याही आधी पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून कलेक्टरांनी १४४ कलम लावलं होतं. अक्का त्या रांगांत उभी राहिलेली बाई. तिने कर्ककडे असं बघितलं, की मला वाटलं आता फराळाचं ताट तरी त्याच्या समोरून उचलेल.

मग आले ट्रिबल. पाय नाहीत, तोंड दिसत नाही, नुसता केसाळ गोळा. कुरवाळला की गुरगुरतो. सिरॅनो जोन्स नावाचा फिरता व्यापारी एक ट्रिबल कर्कच्या जहाजावरच्या उहुराला फुकट देतो आणि गुत्तेवाल्याला बाकीचे विकायला बघतो. दाजींना हा माणूस बरा वाटला, पण थोडाच वेळ. उहुराच्या ट्रिबलला पिल्लं होतात, ती फुकट वाटली जातात, आणि जोन्स परत येतो तेव्हा गुत्तेवाला माल घ्यायलाच तयार नाही.

"आवक वाढली," दाजी म्हणाले. "सॅम्पल देताना इचार करावा माणसानं."

ट्रिबल जहाजभर होतात. कर्क जेवण मागवतो तर ताटात आणि कॉफीत ट्रिबल. अक्काचं मत पडलं की एवढं मोठं जहाज बांधलं, पण हवेच्या भोकांना जाळी कुणी मारली नाही, आणि झाकण ठेवायची पद्धत तर दिसतच नाही. स्पॉक मात्र गणित करतो. कोठारात शिरलेल्या ट्रिबलांची संख्या तो १७,७१,५६१ सांगतो.

"मामा, थांबवा," भाचा म्हणाला. तो अकरावीला, क्लासला, लातूर पॅटर्नच्या चक्कीत आहे. टीव्हीवर ट्रिबल जागच्या जागी थिजले आणि याने दिवाळी अंकाच्या कोऱ्या जागेवर मांडणी केली. सुरुवातीला एक, दर बारा तासांनी प्रत्येकी दहा पिल्लं, तीन दिवस. म्हणजे एकाचे अकरा, असं सहा वेळा. अकराचा सहावा घात. उत्तर जुळलं. "बरोबर आहे, पण एकही मेला नाही असं धरलंय," तो म्हणाला. नर-मादीचं काय, असंही त्याने विचारलं. डॉक्टर मॅकॉय म्हणतो की ते जन्मतःच गाभण असतात, हे मी सांगितल्यावर तो काही क्षण छताकडे बघत राहिला. बायोलॉजीच्या पुस्तकात हे नव्हतं.

मारामारीचा प्रसंग तेवढा सगळ्यांना पटला. क्लिंगॉन कर्कला नाही नाही ते बोलतो, जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी ऐकून घेतो. जहाजाला बोलतो, तेव्हा ठोसा पडतो. "आपला ड्रायव्हर बी तसाच," दाजी म्हणाले. "मला शिव्या द्या, गाडीला देऊ नका."

आणि स्पॉकच्या त्या गणिताच्या जरा आधीचा तो जगप्रसिद्ध प्रसंग. कर्क डोक्यावरच्या कोठाराचं दार उघडतो आणि ट्रिबलांचा ढीग अंगावर कोसळतो. छातीपर्यंत ट्रिबल, आणि वरून थांबून थांबून एकेक डोक्यावर पडतोच आहे. चित्रीकरणाला सुमारे पाचशे ट्रिबल शिवून घेतले होते म्हणे, आणि वरून टाकणाऱ्यांना खालचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे ते टाकतच राहिले. मी हसत होतो. दाजी पुढे सरकून पडद्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, त्या उघड्या दाराच्या आत बघत होते.

"दाणा दिसंना," ते म्हणाले. "समदा खाल्ला."

बरेच ट्रिबल मेलेले निघतात. धान्यात विष कालवलेलं. आता यात कोण, असा प्रश्न पडायच्या आत दाजींनी बोट दाखवलं, बॅरिसच्या मागे उभ्या राहणाऱ्या डार्विन नावाच्या साहाय्यकाकडे. "ह्यो दिवाणजी. मगापासून बगायलोय. मालाकडं एकदा बी बगितलं न्हाई त्यानं." दोन मिनिटांनी डार्विन क्लिंगॉनांचा हेर निघाला. एवढ्या वर्षांत हा भाग बघणाऱ्या कुणाला हे आधी कळल्याचं मी ऐकलेलं नाही.

शेवटी स्कॉटी आपल्या जहाजावरचे सगळे ट्रिबल क्लिंगॉनांच्या जहाजात सोडून देतो, सगळे हसतात आणि पाट्या सुरू होतात.

"संपलं?"

"संपलं."

"आन् मालाचं काय? पंचनामा कुणी केला? माल ताब्यात कुणाच्या होता, कप्तानाच्या का खात्याच्या? भरपाई कुणाच्या नावावर पडली?"

मी म्हटलं, हे दाखवत नाहीत. मग त्यांचा चेहरा बघून जास्तीची माहिती दिली. १९७३ला याच मालिकेची कार्टून मालिका आली, तिच्यात कर्क परत त्याच ग्रहाला धान्य पोचवायला निघालेला आहे, आणि परत ट्रिबल आहेत.

"म्हंजे सा वर्सं त्या लोकांनी खाल्लं काय?"

याला उत्तर नव्हतं. मी आणखी पुढे गेलो. १९९६ला मालिकेला तीस वर्षं झाली तेव्हा दुसऱ्या 'स्टार ट्रेक'मधली माणसं काळात मागे जाऊन त्याच स्थानकावर, त्याच दिवशी उतरतात. चौकशीला दोन अधिकारीही येतात. दाजींचा चेहरा उजळला. मग मी सांगितलं की ते अधिकारी कालप्रवासाचे नियम मोडले का, एवढंच विचारतात. धान्याबद्दल अक्षर काढत नाहीत. आणि मागे जायची वेळ येते ती त्या डार्विनमुळेच, म्हातारा होऊन तो परत आलेला असतो. काम करणारा नटही तोच.

"दिवाणजी सुटला?"

"सुटलेलाच असणार."

दाजी उठले, सकाळी सातला यार्डात जायचं म्हणून पांघरूण काढलं, एक माझ्याकडे टाकलं. दारातून वळून म्हणाले, "उद्या ते लावा. त्याच्या तोंडाकडं बगायचंय मला."