कंपनी कंडिशन

फेरारी, लॅम्बोर्गिनी वगैरे मंडळी जुळे सोलापुरात फिरकत नाहीत. आलीच, तर पाइपलाइनसाठी खोदून वर नुसती माती लोटलेल्या पहिल्याच चरीवर पोट टेकून बसतील. इथली स्पोर्ट्स कार दोन चाकांची : यामाहा आरएक्स 100. आणि तिचे पुजारी आमचे अण्णा. आसरा चौकापासून सैफुलपर्यंत दर सोसायटीत असा एक अण्णा असतोच. वय पन्नाशीपुढे, नोकरी बँकेत नाहीतर झेडपीत, आणि पार्किंगमध्ये चादर पांघरलेली गाडी. चादर अर्थात सोलापुरी, पाहुण्यांना मिळते त्याहून नवी.

‘छान ठेवलीय’ एवढं म्हणायचा अवकाश, चादर निघते. मग तुम्हाला उकिडवं बसवलं जातं. अण्णा तुमचं बोट धरून कार्बोरेटरवरची उठावाची ‘मिकुनी’ ही अक्षरं चाचपायला लावतात. गाडी 1985 ला आली, 1996 ला बंद झाली. 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून तर क्लच झटकन सोडला की पुढचं चाक उचलतं. हे सगळं एका दमात. शेवटी छाती पुढे : “कंपनी कंडिशन. एक नट बदललेला नाही.”

हे खरं नाही. टाकी हैदराबादची, हेडलाइट दिल्लीच्या करोलबागेतला, मागचं मडगार्ड बेळगावच्या कुणा निवृत्त मास्तरांच्या गाडीचं. सगळं अस्सल यामाहाचं. फक्त एका गाडीचं नाही.

कारण हेच अण्णा नव्वदीत कॉलेजला होते. तेव्हा ह्याच गाडीचं मडगार्ड कापलं, हँडल पाडून घेतलं, लेथवर हेड घासलं आणि सायलेन्सर आतून असा मोकळा केला की अण्णा सात रस्त्याला असले की घरी आई भाकरी थापायला घ्यायची. निघालेले भाग चहाच्या पैशात भंगारात गेले. आता तेच शोधण्यात बोनस जातो. तरुणपणी मॉडिफाय करायचं आणि केस पांढरे झाले की ओरिजिनलचा धर्म स्वीकारायचा, हा आपल्याकडचा वानप्रस्थाश्रमच आहे म्हणा ना.

धर्मांतरित माणूस कट्टर असतो. त्याची झळ पुतण्याच्या थारला बसते. मोठे टायर, टपावर लाइटची पट्टी, आणि बाजूने वर गेलेला स्नॉर्कल.

“ह्ये काय बे?”

“अण्णा, खोल पाण्यातनं गाडी नेली तरी इंजिनात पाणी जात नाही.”

“नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय सोलापुरात, आन् तुझ्या गाडीला नाक टपावर?”

मग कायद्याचा तास. मोटार वाहन कायदा, कलम 52. सुप्रीम कोर्टाचा 2019 च्या जानेवारीतला निकाल, कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. दर बदलाला 5,000 रुपये दंड. पुतण्याच्या गाडीवर एकूण दंड किती, हे ते बोटं मोडत मोजून दाखवतात. हात पुरत नाहीत. पुतण्या तोवर आरशात लाइटची पट्टी बघत असतो.

तसं पाहिलं तर दोघांच्यात फरक कमी. दोघंही रविवारी सकाळी पाण्याची बादली घेऊन उतरतात, टंचाई असो नसो. आणि भाजी आणायला सांगितली, की दोघंही बायकोची ॲक्टिव्हा काढतात.

अण्णांवर खरी आपत्ती कोसळली ती नव्या नंबरप्लेटची. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. पंधरा वर्षांनंतरचा पर्यावरण कर अण्णांनी हसत भरला होता. पण पेंटरनं ब्रशनं रंगवलेली ‘एमएच 13’ उतरवताना चेहरा बघवत नव्हता. कायदा म्हणतो मूळ बदलू नका, आणि कायदाच प्लेट बदलतो! ती जुनी प्लेट आता हॉलच्या शोकेसमध्ये आहे, सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीशेजारी.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना पुतण्याच्या हाती फाटक्या चादरीत गुंडाळलेली एक लांब वस्तू लागली. आतली जाळी काढलेला, पोकळ, काळाकुट्ट सायलेन्सर. फुंकर मारली तरी घुमत होता.

“अण्णा, हे कुणाचं?”

अण्णांनी पापणी लवू दिली नाही.

“तुझ्या बापाचं. ठेव तिथंच.”