शंभरला किती? : सांगवीतील टॉप गिअर-मीमांसेची रूपरेषा

प्रस्तुत प्रबंधाचा विषय असा : डिझेल गाडी टॉप गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरने पळत असताना आरपीएमचा काटा नेमका कुठे असावा? पुण्यालगतच्या नव्या सांगवीत कृष्णा चौकाच्या आसपास कोणत्याही चहाच्या टपरीवर हा प्रश्न ‘शंभरला किती?’ एवढ्याच सूत्ररूपात विचारतात. सूत्र म्हटले की भाष्य आले आणि भाष्य म्हटले की भांडण. रीत मात्र ठरलेली आहे. लग्नाच्या बैठकीत पगार थोडा वाढवून सांगतात, तसा येथे आकडा थोडा उतरवून सांगायचा असतो.

हे शास्त्र सांगवीतच का रुजले, याची भौगोलिक कारणे उघड आहेत. एका अंगाला पिंपरी. तेथे टेल्कोने १९९८ च्या अखेरीस डिझेलवर चालणारी इंडिका काढली, आणि त्याआधी १९९५ पासून त्याच आवारात मर्सिडीज जुळवली जात होती. दुसऱ्या अंगाला चाकण. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ मध्ये उघडला, मर्सिडीजनेही त्याच वर्षी बिऱ्हाड तिकडे हलवले, आणि २०११ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ५०० तिथूनच बाहेर पडली. मध्ये सुटे भाग घडवणारी भोसरी. परिणामी सांगवीच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाने गिअरचे दात स्वतः हॉबिंग मशीनवर कापलेले असण्याचा संभव असतो. अन्यत्र थाप म्हणून खपणारे विधान येथे पुराव्यानिशी करावे लागते.

म्हणून आधी गणित. १८५/६५ आर १५ मापाचे टायर घ्या. त्याचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर आणि घेर १.९५ मीटर. शंभरच्या वेगाने गाडी मिनिटाला १६६७ मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला ८५४ च्या आसपास फेऱ्या मारते. इथपर्यंत सर्व पंथांचे एकमत आहे. आता टॉप गिअरचा रेशो गुणिले क्राऊन-पिनियनचा रेशो. गुणाकार २.५८ आला तर इंजिन २२०० वर फिरते, २.११ आला तर १८०० वर. एवढेच. या ०.४७ च्या फरकावर सांगवीत दोन संप्रदाय उभे आहेत आणि त्यांच्यात फार तर चहाव्यवहार होतो, गाडीव्यवहार होत नाही.

अठराशे संप्रदायाचे म्हणणे असे, की इंजिन जितके कमी फिरेल तितके ते कमी पिते, कमी झिजते आणि कमी ओरडते. डिझेलची ताकदच मुळी खालच्या आरपीएमला असल्याने त्याला पेट्रोलसारखे पळवणे हा अडाणीपणा आहे. यात तथ्य आहे. बावीसशे संप्रदाय यावर एकच प्रश्न टाकतो : चढ आला की काय करता? स्विफ्टमधले १.३ लिटरचे प्रसिद्ध डिझेल इंजिन १९० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर २००० आरपीएमला देते. त्याच्या खाली टर्बो अजून डोळे चोळत असतो. अशा इंजिनाला उंच टॉप दिला, तर शंभरला काटा शोभिवंत दिसेल. पण पुढचा ट्रक ओलांडायचा म्हटले की गिअर खाली टाकावा लागेल. ऐंशीला तर तोच काटा १४४० वर येईल आणि गाडी कुंथायला लागेल. उलट एक्सयूव्हीच्या २.२ लिटर इंजिनाचा ३३० न्यूटन-मीटरचा जोर १६०० पासून २८०० पर्यंत सपाट पसरलेला. त्याला अठराशे म्हणजे घरचे अंगण. तात्पर्य, आकडा एकटा काही सांगत नाही, तो कोणत्या इंजिनाचा हे आधी विचारावे लागते. हे मत मी टपरीवर मांडले तेव्हा दोन्ही संप्रदायांनी मला एकमुखाने पाखंडी ठरवले, आणि या विषयात झालेली एकी एवढीच.

येथे अद्वैतवाद्यांचा उल्लेख करणे भाग आहे. सुमो-बोलेरो परंपरेतील हे वृद्ध चालक मानतात, की खरा गिअर चौथाच. इंजिन लांबीत बसवलेल्या मागच्या-चाकी गाड्यांत चौथ्याला आतला शाफ्ट आणि बाहेरचा शाफ्ट थेट जुळतात. रेशो एकास एक, मध्ये एकही दात कामाला नाही. इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट यांत भेदच उरत नाही. पाचवा हा त्यांच्या मते ओव्हरड्राइव्हची माया, आणि आडव्या इंजिनाच्या पुढच्या-चाकी गाड्या तर कायमच्या द्वैतात अडकलेल्या. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे बरोबर आहे. वाटेत मात्र तेही पाचवा टाकतात, कारण डिझेलचा भाव अद्वैत मानत नाही.

आता प्रमाणांचा विचार. प्रत्येक वाद्याने पुरावा म्हणून डॅशबोर्डचा फोटो आणलेला असतो. परंतु आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. जास्त मात्र दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत दाखवलेला चालतो. म्हणजे काट्यावरचे शंभर हे रस्त्यावर नव्वदही असू शकतात. फोटोतले अठराशे कोणत्या शंभरचे, हे सांगणे न्यायशास्त्रालाही जड जाईल. शिवाय टायर झिजून नक्षी कायद्याच्या १.६ मिलिमीटरपर्यंत आली, की चाक सुमारे दोन टक्के लहान होते आणि २२०० चे चाळीस-पंचेचाळीसने वाढतात. जुन्या टायरवर नव्या टायरवाल्याशी वाद घालू नये.

बचतीचा हिशेबही मी मांडून पाहिला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, किवळे ते कळंबोली, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. घाट, टोल आणि उजव्या लेनला चिकटलेले कंटेनर हे क्षुल्लक अडथळे वगळून सलग शंभर धरले, तर ५६.७ मिनिटे लागतात. अठराशेवाल्याच्या इंजिनाच्या २२,६८० फेऱ्या वाचतात. या फेऱ्या कोणाच्या खात्यावर जमा होतात, याबद्दल शास्त्र मौन बाळगते.

न्यूट्रल पंथाचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खंडाळ्याच्या उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली की शंभरला सातशे-आठशे, म्हणजे आपण सर्वांना हरवले, अशी या मंडळींची समजूत. ती धोकादायक तर आहेच, पण अशास्त्रीयही आहे. आजची कॉमन रेल डिझेल गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असेल, तर इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र आयडलिंगसाठी डिझेल जळत राहते. म्हणजे हे लोक पैसे मोजून इंजिन-ब्रेक फेकून देतात, आणि मग खाली ब्रेक तापून वास आला की गॅरेजवाल्याला दोष देतात.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आले आणि मारुती, फोक्सवॅगन यांनी छोट्या डिझेल गाड्यांचे दुकानच आवरले. राहिलेल्या डिझेलांतही ऑटोमॅटिक वाढले. त्यात गिअर गाडी ठरवते आणि मालकाला मत उरत नाही. त्यामुळे या शास्त्राला नवे विद्यार्थी मिळेनासे झाले असून जुने आचार्य २०१४ च्या गाड्या विकायला तयार नाहीत.

एक संशोधनक्षेत्र मात्र अद्याप कोणी हाताळलेले नाही. सांगवी फाट्यावरून जगताप डेअरी, काळेवाडी फाटा, डांगे चौक, रावेत करत किवळ्याच्या मुकाई चौकापर्यंत जावे, तेव्हा कुठे द्रुतगती मार्ग लागतो आणि शंभर हा आकडा अर्थपूर्ण होतो. तोपर्यंत, आणि रोज चाकणला जाताना नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत तर फारच, प्रस्तुत विषयाचे सर्व अभ्यासक दुसऱ्या गिअरमध्ये असतात. त्या गिअरचा एकूण गुणाकार साडेसात धरला, तर ताशी वीसला काटा तेराशेच्या खाली राहतो, टर्बो झोपलेला असतो आणि डावा पाय क्लचवर. ‘वीसला किती?’ हा प्रश्न मी कृष्णा चौकात विचारून पाहिला. कोणालाच माहीत नव्हते. एकाने विचारले, कुठल्या गाडीत शंभरला वीस येतात?