पेढा हातात, चपला देवळात

साताऱ्याचा माणूस कुणाकडे निघाला की पिशवीत कंदी पेढ्यांचा पुडा असतोच. नसेल तर एक तर तो साताऱ्याचा नव्हे, नाही तर पाहुणे जवळचे नव्हेत. सांगलीतल्या माझ्या चार वर्षांच्या नातीला टाइप वन मधुमेह निघाला तेव्हा घरात प्रत्येकाला काही ना काही नव्याने शिकावं लागलं. मला आधी रिकाम्या हाताने एसटीत बसायला शिकावं लागलं.

बाकीचं शिकायला मी एका पायावर तयार होतो. निवृत्त मास्तरला विषय मिळाला की विद्यार्थी कुठूनही पैदा करता येतात. हा मधुमेह गोड खाऊन होत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, हे मी दोन्ही गावांत सांगत सुटलो. तरी "आबा, पोरीला चॉकलेटं फार दिलीत का हो?" हा प्रश्न थांबला नाही. काही घरांतून तो कारल्याच्या रसाच्या पेल्यासकट येतो.

मुलगा-सून दोघंही नोकरीला, म्हणून नात पाळणाघरात. तिथल्या ताईंना सगळं समजावण्याची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली आणि सुरुवात केली ती थेट 1922 च्या जानेवारीपासून. टोरांटो. लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा 14 वर्षांचा मुलगा, मधुमेहासाठी इन्सुलिन टोचलेला पहिला रुग्ण. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून घेत, एवढाच इलाज होता. मग इन्सुलिन शोधणारा बँटिंग. त्याचा जन्म 14 नोव्हेंबरचा, म्हणून जागतिक मधुमेह दिन नेमका आपल्या बालदिनाला येतो, म्हणजे त्याच दिवशी शाळाशाळांतून गोळ्या-चॉकलेटं वाटली जातात! इथे मी हशासाठी थांबलो. ताई म्हणाल्या, "बरं, पण इंजेक्शन डब्याच्या आधी द्यायचं का नंतर?"

हे माझ्या टिपणांत नव्हतं.

सूनबाईने सांगितलं. एरवी जेवणाआधीच देतात; पण एवढंसं पोर अर्धी चपाती खाऊन उठलं तर टोचलेलं इन्सुलिन काही परत काढता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी हिच्यापुरतं ठरवून दिलंय, किती खाल्लं ते बघायचं आणि मग द्यायचं. सुईचं नाव काढताच मागे सरणाऱ्या ताई इन्सुलिनच्या पेनवरचा अर्ध्या युनिटचा काटा लावायला एका दुपारीत शिकल्या. मी मोसंबीवर सराव केला. मोसंबी हलत नाही, रडत नाही, तरी माझाच हात थरथरायचा. घरात नंतर त्या मोसंबीचा रस कुणीच प्यायलं नाही.

तोंडी शिकवणी फसल्यावर मी लेखी सूचना काढल्या आणि पाळणाघराच्या फ्रीजवर चिकटवल्या. इन्सुलिन फ्रीजरमध्ये ठेवू नये, गोठलं की बाद. शुगर 70 च्या खाली गेली तर ठरलेली ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटं थांबावं, पुन्हा तपासावं. घाबरू नये. याखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

मग नातीच्या दंडावर सेन्सर आला. दंडाला रुपयाएवढी चकती, आणि आकडा मोबाइलवर. मुलाने माझ्याही मोबाइलवर तो जोडून दिला. शुगर खाली गेली की मोबाइल असा काही बोंबलतो, की पलीकडच्या गल्लीलाही कळावं. माझ्यासारख्या माणसाच्या हाती असं यंत्र देणाऱ्याच्या धाडसाचं मला आजही कौतुक वाटतं.

एका रणरणत्या दुपारी मी सांगलीच्या गणपतीला गेलो होतो. प्रदक्षिणा झाली, कुणीतरी हातावर प्रसादाचा पेढा ठेवला, आणि खिशात बोंब उठली. 58. मी जो निघालो तो थेट रस्त्यावर. चपला देवळाच्या दारात राहिल्या, हे डांबराने सांगितलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत पळणारा म्हातारा, मुठीत पेढा. रिक्षावाल्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. त्याला बहुधा नवस वाटला असावा.

पाळणाघरात पोरं गाढ झोपली होती. माझ्या "पेढा द्या तिला, पेढा!" या आरोळीने ती सगळी उठली आणि एकसुरात रडू लागली. ताई तेवढ्या शांत. त्यांनी नातीचं बोट टोचून मशीनवर बघितलं. 126.

"सेन्सरच्या हातावर झोपली होती," ताई म्हणाल्या. सेन्सर रक्त तपासत नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो. तिथे दाब पडला की आकडा उगाच खाली दिसतो. हे त्यांना सूनबाईने सांगितलं होतं. मला का नाही सांगितलं? सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी टोरांटोत होतो.

"आणि आबा, खरंच खाली गेली असती तरी पेढा कामाचा नाही. खव्यातल्या तुपाने साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. तेव्हा ग्लुकोजच द्यायचं." साताऱ्याच्या माणसाला हे तोंडावर सांगायला जिगर लागते. नात डोळे चोळत माझ्या पायांकडे बघत होती. "आबा, तुम्ही पण डब्याच्या सुट्टीत मातीत खेळला का?"

पेढा मीच खाल्ला. तेवढ्यात ताईंनी पेन घेतलं आणि फ्रीजवरच्या माझ्या सूचनांखाली, "घाबरू नये"च्या दोन रेघांच्या शेजारी, कंसात लिहिलं: (आबांनी).